पन्हळ, चुना आणि ३१ मार्च

(बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे वास्तुकलेच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

जुन्या इमारतींच्या जतनातल्या माझ्या कारकिर्दीवर बोला, असं संयोजकांनी सांगितलंय. कारकीर्द म्हटलं की पदं, पुरस्कार, परदेशवाऱ्या आल्या. तो मजकूर माझ्याकडे थोडका आहे. नोकरी कलाभवनात शिकवण्यात गेली आणि उरलेला वेळ शिडीवर. तेव्हा मी इमारतींबद्दल बोलतो, माझ्याबद्दल ओघात येईल तेवढं येऊ दे.

एक मत आधीच सांगून टाकतो, कारण ते शेवटी सांगितलं की लोक घड्याळाकडे बघत असतात. पैसा नसला की जुनी इमारत हळूहळू खराब होते. अचानक पैसा आला की ती झपाट्यानं खराब होते. सभागृहात कुणी अधिकारी असतील तर त्यांनी रागावू नये, पुढे ऐकावं.

मी विद्यार्थी होतो तेव्हा आमच्यापैकी कुणालाच जुन्या इमारतींत रस नव्हता. अहमदाबाद दोन-अडीच तासांवर. तिथे ल कॉर्ब्युझिए या स्वित्झर्लंडच्या वास्तुविशारदानं केलेली मिल-मालकांच्या संघाची इमारत, अमेरिकेच्या लुई कानचं आयआयएम. आम्ही एसटीत बसायचो, ती काँक्रीट आणि ती उघडी वीट बघून यायचो आणि आठवडाभर तसंच काहीतरी कागदावर काढत बसायचो. जुनं म्हणजे इतिहासाची प्रश्नपत्रिका. देवळाचे भाग सांगा, कमानीचे प्रकार सांगा, गुण मिळवा. आणि कॉलेजच्या वाटेवर कोण उभं? बडोदा कॉलेजचा घुमट! त्याच्या सावलीत चहा प्यायचो, पण वर मान करून कधी बघितलं नाही.

तो घुमट चिझमचा. रॉबर्ट फेलोज चिझम मद्रास सरकारचा वास्तुविशारद, तिथून बडोद्याला आला. त्यानं विजापूरच्या गोलघुमटाचा अभ्यास केला होता आणि बडोद्याच्या या कॉलेजवर व हिंदुस्थानातल्या घुमटबांधणीवर १८८० च्या दशकात लंडनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेपुढे निबंधही वाचला. गोलघुमटाची गंमत थोडक्यात सांगतो. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांचं काय करायचं? विजापूरच्या गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी घातल्या. त्या कमानी दालनाच्या आतल्या बाजूला झुकत येतात आणि घुमटाचा पाया आत सरकतो. घुमट बाहेर ढकलायला बघतो, कमानींमधलं बांधकाम आपल्या वजनानं आत ओढतं, आणि दोन्ही जोर एकमेकांना धरून राहतात. १६५६ सालची ही युक्ती. सव्वादोनशे वर्षांनी ती एका इंग्रजानं बडोद्यात वापरली, आणि आम्ही तिच्याखाली बसून स्वित्झर्लंडच्या माणसाचं काँक्रीट डोक्यावर घेऊन नाचत होतो. (हशा) कॉर्ब्युझिए मला आजही आवडतो, गैरसमज नको.

चिझमच्या आधीचा माणूस मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचा. इथल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम १८७८ मध्ये त्यानंच सुरू केलं आणि १८८१ मध्ये तो वारला. आपली आकडेमोड चुकली आहे, आपण बांधलेलं सगळं कोसळणार, या धास्तीनं त्याचं डोकं फिरलं असं सांगतात. लक्ष्मीविलास चिझमनं १८९० मध्ये पुरा केला. तो काही कोसळला नाही. मँटला भीती वजनाची होती. मला विचाराल तर त्यानं पाण्याला भ्यायला हवं होतं.

ते मी कुठे शिकलो ते सांगतो. शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजणीचं काम द्यायचं होतं. विभागाकडे गाडी नाही, भत्ता नाही. चालत जाऊन परत येता येईल असंच काहीतरी हवं. मग रावपुरा, दांडिया बझार, सुलतानपुरा इथले वाडे धरले. मुलांच्या हातात टेप, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीचं एक टोक अंगणात, दुसरं माजघरात. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, म्हणजे कुठली जमीन किती खचली ते कळतं. आता लेझरवाली यंत्रं आली आहेत, बरी आहेत. पण नळी धरायला दोन माणसं लागतात, ती एकमेकांशी बोलतात आणि बोलताना भिंतीकडे बघतात. हा फायदा यंत्रात नाही.

मुलं मोजायला लागली आणि एकेक गोष्टी बाहेर येऊ लागल्या. दिंडी दरवाजापुढच्या पायऱ्या घ्या. घरातले म्हातारे सांगायचे, इथे चार पायऱ्या होत्या, आम्ही त्यांवर बसून शेंगा सोलायचो. आम्ही मोजल्या तर दीड. अडीच पायऱ्या गेल्या कुठे? कुणी नेल्या नाहीत. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले. जुना थर न उकरता त्यावर नवा, त्यावर आणखी एक. रस्ता वर आला आणि जोतं खाली गेलं. ज्या जोत्यानं शंभर वर्षं पावसाचं पाणी बाहेर ठेवलं, त्याच जोत्यावरून पाणी चौकात यायला लागलं. मालक म्हणतात वाड्याचा पाया खचला. पाया जागच्या जागी आहे हो! गाव वर आलंय.

मग भेगा. भेग दिसली की लोकांचा पहिला विचार ती बुजवायचा. मी मुलांना सांगायचो, हात लावू नका, आधी ती जिवंत आहे का बघा. पद्धत जुनीच आहे. काचेची पातळ पट्टी घ्यायची, भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं चुन्याच्या किंवा प्लास्टरच्या गोळ्यानं भिंतीला पक्की करायची आणि तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर तिच्याबरोबर थोडंथोडं हलतं. अशा घरातली भेग मे महिन्यात नखाएवढी असते आणि सप्टेंबरात केसाएवढी. तुम्ही ती मे महिन्यात सिमेंटनं कच्चून भरली, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही. ती शेजारी दुसरीकडे फुटते. म्हणजे एका वर्षाचं निरीक्षण हवं, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा. वर्षभर काही न करता नुसतं बघायचे पैसे कुणी देत नाही, आणि माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

चुना मला शिकवला एका कडियानं. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, गवंड्याला इथे कडिया म्हणतात आणि आम्ही बडोदेकर मराठीतही तोच शब्द वापरतो. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एका वाड्याच्या मागच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता, दहा-पंधरा वर्षांपूर्वी. काकांनी छिन्नीनं एक तुकडा उडवला. गिलावा अगदी ठणठणीत, आणि त्याच्यामागे विटेचं पीठ. बोटानं ओरखडलं की झरझर खाली येत होतं. काका म्हणाले, "साहेब, सिमेंट जीते ने ईंट हारे." याहून चांगलं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

त्यामागचं शास्त्र असं. जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते. तिच्या बुडाशी ओल अडवणारा थर नसतो, तो हल्लीचा प्रकार. ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते. ओलीबरोबर क्षारही येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. चुन्याचा गिलावा विटेपेक्षा नरम आणि सच्छिद्र, त्यामुळे क्षार त्यात जमतात आणि झिजतो तो गिलावा. दहा-वीस वर्षांनी तो काढायचा, नवा करायचा, वीट शाबूत. मार खायचं काम गिलाव्याचं आहे. सिमेंटचा गिलावा मार खात नाही. तो कठीण, घट्ट, पाण्याला वाट देत नाही. मग ओल त्याच्यामागे अडकते, क्षार विटेतच स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा भुगा करतात. शिवाय अडलेली ओल आणखी वर चढते, तुळईच्या टोकापर्यंत. सागाची तुळई मध्ये कधी कुजत नाही, कुजते ती भिंतीत घुसलेल्या टोकाला. तिथे वाळवी येते. मग मालक म्हणतो लाकूड संपलं, छप्पर उतरवा. लाकूड हातभर संपलेलं असतं. तेवढंच कापून नव्या सागाचा सांधा मारता येतो, आमच्या सुथारांनी कितीतरी ठिकाणी मारलाय.

चुना करण्याबद्दल लोकांच्या मनात फार अद्भुत कल्पना आहेत. गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद, अंडी. व्याख्यानानंतर कुणीतरी हमखास विचारतं, सर, यात अंडी किती घालायची? अहो, सोवळ्याओवळ्याच्या घरात गवंड्याला अंडी कुणी फोडू दिली असती? (हशा) गूळ आणि हिरडा घालत, त्यानं चुना सावकाश घट्ट होतो, थापीला चांगला लागतो, हे खरं आहे. पण खरं काम धीराचं. कळीचा चुना हौदात पाण्याखाली भिजत पडला पाहिजे, जितका जास्त तितका बरा. मग सुरखी, म्हणजे भाजलेल्या मातीचं पीठ, घालून घाणीत मळायचा. पूर्वी बैलाच्या घाणीत दगडी चाक फिरायचं. गिलावा झाल्यावर ओली पोती टांगून तो कित्येक दिवस दमट ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, आणि हे काम पाठच्या थरात महिनोन्महिने चालतं. घाई केली की तडे. यात गुपित कसलं? गुळाचं गुपित सगळ्यांना हवं असतं, पोत्यांवर पाणी मारायला कुणाला नको असतं.

आता मघाच्या मताकडे येतो. पैसा.

जुनी इमारत पन्नास वर्षं दुर्लक्षित असते. पन्हळ तुंबलेली, भिंतीत पिंपळ. मग एखाद्या वर्षी तिच्या नावावर मोठी रक्कम मंजूर होते. कागद फिरून हातात येईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च झाला नाही तर रक्कम परत जाते. तुम्हीच सांगा, तीन महिन्यांत चुन्याचं काम कसं व्हायचं? चुना भिजायलाच तेवढे दिवस लागतात. ठेकेदार बिचारा काय करणार? दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर तयार असतो, चुन्याचा दर बसवायचा तर तीन सह्या लागतात. मग सिमेंट. खाली ग्रॅनाइट. दगडाला चकाकी यावी म्हणून वार्निश. उजेडाचे झोत लावायला दगडात ड्रिलची भोकं. एका इमारतीच्या समितीवर मी होतो, नाव सांगत नाही. तिथे विटा जुनाट दिसतात म्हणून वाळूचा झोत मारून साफ केल्या. भट्टीत वीट भाजते तेव्हा तिच्या अंगावर कठीण पापुद्रा येतो, पाऊस तो झेलतो. झोतानं तोच गेला. इमारत उद्घाटनाला अगदी गुलाबी दिसत होती, फोटो छान आले. पुढच्या दोन पावसाळ्यांत विटांची पूड पडायला लागली. मी लेखी हरकत घेतली होती, ती फाइलमध्ये असेल. पन्नास वर्षांच्या दुर्लक्षानं त्या विटांचं काही बिघडलं नव्हतं.

तीच रक्कम वीस वर्षांत वाटून दिली असती तर? दर वर्षी दोन माणसं, एक शिडी, थोडा चुना. हे काही माझं डोकं नाही. जॉन मार्शलनं १९२३ मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची नियमावली लिहिली, तिचा सगळा कल असाच आहे. नवं करण्याचा मोह आवरा, आहे ते टिकवा, झाडोरा काढत राहा. शंभर वर्षं झाली, नियम जुना झालेला नाही. पण पन्हळ साफ केली याचं उद्घाटन करता येत नाही, फीत कुठे बांधणार?

इथे मला पॅट्रिक गेडिसची आठवण होते. स्कॉटलंडचा हा माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा, नगररचनेत शिरला. १९१६ मध्ये त्यानं बडोद्याच्या विस्तारावर अहवाल लिहिला, १९१८ मध्ये इंदूरच्या दरबाराला दोन खंडांचा. त्याचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापू नका. पडीक घर असेल तेवढंच काढा, तिथे मोकळी जागा करा, बाकीची वस्ती राहू द्या. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र मी इंदूरची गोष्ट सांगायचो. तिथे प्लेगची भीती होती. गेडिसनं महाराजांकडून एक दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीत मिरवणूक काढली. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही, ज्या वस्तीत सर्वांत जास्त सफाई आणि घरांची डागडुजी होईल तिथून जाईल, असं आधी जाहीर केलं. झालं! घराघरांतून केर निघाला, भिंती रंगल्या, पायऱ्या दुरुस्त झाल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती. सरकारी तिजोरीतून घरं दुरुस्त करायची म्हटलं असतं तर किती वर्षं लागली असती कोण जाणे. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग असा ठरवला तर? हसू नका, मी एकदा खरंच सुचवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

इंदूरचा विषय निघालाच आहे तर राजवाडा. होळकरांचा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४, तीनदा आग. शेवटची आग १९८४ च्या दंगलीतली. पुढे मागचा भाग जुन्याच पद्धतीनं, लाकूड-विटा-चुना वापरून पुन्हा उभा केला. यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, जळलं ते जळलं, नक्कल करून लोकांना फसवू नका. मी दुसऱ्या तटातला. लाकडी इमारत ही अशीच जगते. खांब कुजला बदलला, कडीपाट कुजला बदलला. त्या निमित्तानं सुथारांच्या एका पिढीला ते काम हाताला लागलं, हे मला नक्कल की अस्सल या वादापेक्षा मोठं वाटतं. दगडी देवळाला मी हा न्याय लावणार नाही, तेवढी विसंगती मला मान्य आहे.

भूकंपाबद्दल दोनच वाक्यं. २६ जानेवारी २००१ नंतर मुलांना घेऊन कच्छला गेलो. भूजचे आयना महाल आणि प्राग महाल दोन्ही जबर जखमी झाले होते, आणि बन्नीतली मातीची गोल घरं, तिथे त्यांना भुंगा म्हणतात, ती बरीचशी उभी होती. गोल भिंतीला कोपरा नसतो आणि भूकंप आधी कोपरा उघडतो. नव्या घरांतही मी तेव्हापासून आधी कोपरे बघतो.

आता वापर. न्यायमंदिर तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचं. चिझमचीच इमारत, बायझँटाइन धाटणीची, १८९६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनच्या हस्ते उघडली. बांधायला घेतली होती भाजी मंडई म्हणून. मग बेत बदलला आणि महाराणी चिमणाबाईंच्या नावानं तिथे न्यायालय बसलं. इतकं देखणं दालन वांग्याबटाट्यांना कशाला, असं कुणाच्या तरी मनात आलं असावं. शंभराहून जास्त वर्षं तिथे वकील, पक्षकार, टंकलेखक, चहावाले यांची वर्दळ होती. आम्ही वास्तुविशारद तक्रारी करायचो, फाइलींची कपाटं कमानीत कोंबतात, वायरी लोंबतात. २०१८ मध्ये न्यायालय नव्या इमारतीत गेलं. तेव्हा मला त्या वायरींची किंमत कळली. जिथे रोज हजार माणसं येतात तिथे छत गळलं तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. रिकाम्या दालनात ते गळतं आणि कबुतरांशिवाय कुणाला कळत नाही. तिथे शहराचं संग्रहालय व्हावं अशी चर्चा आहे. व्हावं. पण होईपर्यंत छतावर कोण चढणार, एवढं आधी ठरवावं.

याउलट मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी बघा. पुस्तकांच्या मजल्यांवर काचेच्या फरश्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपतो. ती टिकली कारण रोज कुणीतरी पुस्तक मागायला येतो.

आणि आपले वाडे. तांबेकरवाड्याला संरक्षण मिळालं कारण त्यात चित्रं आहेत. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण, त्यांच्या घराच्या भिंतींवर कृष्णलीला आहे, महाभारत आहे, इंग्रज-मराठ्यांची लढाई आहे. राष्ट्रीय स्मारक आहे ते, आणि बडोद्यातल्या किती मराठी माणसांनी ते आतून बघितलंय याची हात वर करून मोजणी मी आज घेत नाही. पण देशभरात केंद्राच्या यादीतली स्मारकं साडेतीन हजारांहून थोडी जास्त. तुमचा-माझा वाडा त्या यादीत कधी येणार नाही, येऊही नये. १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली, स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये बांधायला आधी परवानगी घ्यायची. त्या पट्ट्यात ज्यांचं घर आहे त्यांना विचारा कौल बदलायला किती खेटे घालावे लागतात. मग लोक रात्रीत दुरुस्त्या करतात, त्याही वाईट.

१९४९ च्या ३० एप्रिलला आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि दुसऱ्या दिवशी, १ मेला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर एकेका इमारतीला वेगवेगळं खातं मिळालं. कुठे शिक्षण, कुठे न्याय, कुठे महसूल. इमारत खात्याची, छत मात्र कुणाचंच नाही, असं झालं. खाजगी वाड्यांवर भाडेनियंत्रणाचा कायदा होता. दहा-वीस रुपये भाड्यात मालक कौलं शाकारत नाही, आणि ज्याचं घर नाही तो भाडेकरू तर नाहीच नाही. यात दुष्ट कुणी नाही. नजरबाग पॅलेस गेला तेव्हा वर्तमानपत्रांत लिहून आलं, हळहळ झाली. वाडे गेले ते कोरीव खांबासकट ट्रकमध्ये गेले आणि कुठल्या तरी फार्महाउसच्या बारमागे उभे आहेत. त्यावर ओळसुद्धा आली नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न विचारा.

प्रश्न (एक बाई): आमच्या वाड्याला अकरा वारस आहेत. चौघं पुण्यात, दोघं अमेरिकेत. कुणाचं एकमत होत नाही. काय करावं?

ताई, विकायचं की ठेवायचं यावर अकरा जणांचं एकमत व्हायची वाट बघू नका. दोन कामांना कुणाची सही लागत नाही. पहिलं, मोजणी करून नकाशा काढून घ्या. वास्तुकलेची मुलं मे महिन्यात मोकळी असतात, चहा-पोह्यांवर येतील. नकाशा नसला की पुढची प्रत्येक बोलणी भांडणात जाते, कारण कुणाचा खण कुठला हेच कुणाला माहीत नसतं. दुसरं, जूनच्या आत पन्हळ साफ करा, सरकलेली कौलं बसवा, भिंतीतलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. वरचा शेंडा छाटू नका, मूळ आत जाड होतं. याचा खर्च एका लग्नाच्या आहेराएवढा. तो वर्षावर्षानं आळीपाळीनं एकेकानं उचलावा. अमेरिकेतल्यांनी दोनदा उचलावा. (हशा)

प्रश्न (एक तरुण): सर, चांगला चुना आता मिळतो कुठे?

मिळतो. राजस्थानातल्या गोटनचा चुना नावाजलेला आहे, आणि बांधकामाचं सामान विकणारे जुने व्यापारी मागवून देतात. पिशवीतली तयार पांढरी भुकटी घेऊ नका, ती पडून पडून हवा खाल्लेली असते. कळीचे खडे घ्या. एक खडा पाण्यात टाकून बघायचा. तो फुटून उकळायला लागला तर माल ताजा, नुसता बसून राहिला तर परत द्यायचा. भिजवायला हौद नसेल तर लोखंडी पिंप चालेल, प्लास्टिकचं नको, उष्णतेनं वितळतं. आधी पाणी, मग चुना, हा क्रम उलटा करू नका. आणि चष्मा लावा, हातात मोजे घाला. चुना उकळताना उडतो आणि डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.